नातवाची युरिथमी आणि स्टायनर यांचा ख्रिस्त

तुमच्या पत्रातून मला समजलं ते असं. मुलगी-जावई स्टुटगार्टजवळ राहतात. सात वर्षांचा नातू तिथल्या वाल्डॉर्फ शाळेत पहिलीत आहे आणि व्हिडिओ कॉलवर हात पसरून ‘आ’, ‘ओ’ करून दाखवतो. जावयाच्या मित्राने सांगितलं की ही शाळा एका गूढवादी ख्रिस्ती पंथाची आहे. तेव्हापासून तुमच्या डोक्यात भुंगा लागलाय: हा पंथ कुठला, त्याचा इतिहास काय, हे हातवारे कसले, आणि पोराला बाटवणार तर नाहीत ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाटवणार नाहीत. पण ‘आमचा धर्माशी काहीच संबंध नाही’ असं शाळेतलं कुणी म्हणालं, तर तेही अर्धंच खरं. मी पुण्यात कथ्थक शिकले, नंतर स्वित्झर्लंडमध्ये डॉर्नाखला चार वर्षं युरिथमीचं, म्हणजे नातू करतो त्या हालचालींच्या कलेचं, शिक्षण घेतलं आणि गेली तेवीस वर्षं जर्मनीत मुलांना तीच शिकवते. मी ख्रिस्ती झाले नाही, हो म्हणून कुणी मागेही लागलं नाही. तरीही ज्या कलेवर माझं पोट चालतं तिच्या मुळाशी ख्रिस्त आहे, हे मला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. तो चर्चमधला ख्रिस्त नव्हे, एवढाच फरक. पण फरक मोठा आहे.

या शाळेमागच्या चळवळीचं नाव अँथ्रोपॉसॉफी, आणि तिची एक वाट आपल्या मुंबईवरून जाते. 1875 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या, सगळ्या धर्मांमागचं गूढ सत्य शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत उतरले. 1882 मध्ये मद्रासच्या अड्यारला जाईपर्यंत त्यांचा मुक्काम मुंबईतच होता. याच सोसायटीच्या जर्मन शाखेचे सरचिटणीस म्हणून 1902 मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांची नेमणूक झाली. स्टायनर 1861 चे, आजच्या क्रोएशियातल्या एका खेड्यात जन्मलेले, रेल्वेतल्या नोकरदाराचे चिरंजीव. व्हिएन्नात विज्ञान शिकलेले, वायमारच्या अभिलेखागारात बसून जर्मन कवी गटेचं विज्ञानविषयक लेखन संपादित केलेले, बर्लिनमध्ये कामगारांच्या शाळेत इतिहास शिकवलेले. अध्यात्मातला माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी मूर्ती येते, तशातले अजिबात नव्हेत. काळा कोट, काळा बो टाय, समोर फळा आणि खडू.

अड्यारच्या मुख्यालयाशी त्यांचं बिनसलं ते जे. कृष्णमूर्तींवरून. 1909 मध्ये अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर सोसायटीतल्या लेडबीटर या पुढाऱ्यांना एक मुलगा दिसला, तेच कृष्णमूर्ती. हाच येणारा जगद्गुरू, असं त्यांनी ठरवलं, सोसायटीच्या अध्यक्ष ॲनी बेझंट यांनी ते उचलून धरलं आणि 1911 मध्ये त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ उभी राहिली. स्टायनर यांचं म्हणणं सरळ होतं: ख्रिस्त देहात एकदाच आला, पुन्हा देहात येणार नाही. डिसेंबर 1912 मध्ये जर्मनीतल्या कलोनला अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटी वेगळी झाली. आता गंमत बघा. फुटून ख्रिस्ताकडे निघालेल्या या माणसाने त्याच कलोनला, त्याच आठवड्यात, पाच व्याख्यानं दिली ती भगवद्गीता आणि सेंट पॉलची पत्रं या विषयावर. पुढच्या वर्षी हेलसिंकीत पुन्हा गीताच. भारतात मात्र ते कधी आले नाहीत. आणि ज्याच्यावरून एवढं रामायण झालं त्या कृष्णमूर्तींनी 1929 मध्ये हॉलंडमध्ये ती ऑर्डर स्वतःच विसर्जित केली. मला दोघांबद्दलही आदर आहे, म्हणून मी या भांडणात पडत नाही.

आता शिकवण. मराठी माणसाला ती अर्धी चटकन कळते, आणि तिथेच फसगत होते. पुनर्जन्म आहे, कर्म आहे. माणसाला स्थूल देहाखेरीज प्राण धरून ठेवणारा ईथर-देह आहे, वासना-भावनांचा तिसरा देह आहे आणि चौथा ‘मी’. सुरुवातीच्या लेखनात तर स्टायनर मनस, बुद्धी, आत्मा हे आपलेच शब्द वापरत. पुढे त्यांनी त्यांच्या जागी जर्मन शब्द घडवले. वाचताना वाटतं, अरे, हे तर आपलंच. पण आपल्याकडे ‘मी’ विरघळवायचा असतो. इथे तो घडवायचा असतो, जन्मोजन्मी अधिक जागा, अधिक जबाबदार करायचा असतो. आणि या सगळ्या प्रवासाच्या मध्यावर एक घटना आहे. तिला ते गोलगोथाचं, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या टेकडीचं, रहस्य म्हणतात. सूर्याशी निगडित असलेलं एक परमतत्त्व येशूच्या देहात तीन वर्षं राहिलं, मृत्यूतून गेलं आणि तेव्हापासून पृथ्वीशी कायमचं जोडलं गेलं. तुम्ही मानलं काय नि न मानलं काय, ते सगळ्यांसाठी घडलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून धर्मांतराची गरजच उरत नाही.

कर्माबद्दलचा त्यांचा एक विचार मला फार आवडतो. दुसऱ्याचं मी वाईट केलं तर त्याची परतफेड मलाच करायची, पुढच्या जन्मात का होईना. त्यात ख्रिस्त सवलत देत नाही. पण माझ्या कृत्याने जगाचं जे नुकसान होऊन बसलं, जे मी कितीही केलं तरी भरून येणार नाही, तो भार तो उचलतो. माझं खातं माझ्याच नावावर राहतं.

वाईटाचंही त्यांच्याकडे एकच रूप नाही, दोन आहेत. ल्युसिफर माणसाला वर ओढतो: स्वप्नाळूपणा, अहंकार, भक्तीचा कैफ. आहरिमान खाली ओढतो: नुसता हिशोब, यंत्र, ‘दिसतं तेवढंच खरं’. हे दुसरं नाव मुंबईच्या पारशी शेजाऱ्यांना ओळखीचं वाटेल, ते त्यांच्याच धर्मातून आलंय. ख्रिस्त या दोघांशी लढत नाही, मधे उभा राहून तोल सांभाळतो. डॉर्नाखला हे सगळं एल्म लाकडाच्या, सुमारे नऊ मीटर उंच शिल्पात कोरलेलं आहे. ते स्टायनर आणि इंग्रज शिल्पकार एडिथ मेरियन यांनी मिळून केलं. मधली आकृती एक हात वर, एक हात खाली अशी चालत पुढे येते आहे. मी विद्यार्थिनी असताना आमच्या बाई आम्हाला त्या शिल्पासमोर उभ्या करायच्या आणि काही न समजावता फक्त त्या दोन हातांची रेघ आपल्या हातांत घ्यायला लावायच्या. पुस्तकं मी नंतर वाचली. मला ख्रिस्ताची ही कल्पना आधी खांद्यांत कळली, मग डोक्यात. या चळवळीत कला ही शिकवणीवरची सजावट नाही, ती शिकवणीकडे जायचा रस्ताच आहे. म्हणून कुणी मला ‘यांचं तत्त्वज्ञान समजावून सांगा’ म्हणालं की मी आधी त्यांना काहीतरी बघायला लावते.

ते शिल्प वाचलं हेही नशीबच. डॉर्नाखच्या टेकडीवर 20 सप्टेंबर 1913 रोजी पहिल्या गटेआनुमची, म्हणजे चळवळीच्या मुख्य वास्तूची, कोनशिला बसली. एकमेकांत शिरलेले दोन लाकडी घुमट, त्यावर नॉर्वेहून आणलेली पाटी, आत सात जोड्यांचे खांब, प्रत्येक जोडी वेगळ्या लाकडाची, आणि एका खांबाच्या माथ्यावरचा आकार पुढच्यावर जणू उमलत गेलेला. लगेच पहिलं महायुद्ध पेटलं. शेजारच्या अल्सासमधून तोफांचे आवाज ऐकू येत आणि इकडे एकमेकांशी लढणाऱ्या देशांची माणसं एकाच मचाणावर छिन्नी चालवत. त्यांत रशियन कादंबरीकार आंद्रेई बेलीही होते. 1922 च्या 31 डिसेंबरच्या रात्री ती वास्तू जळून खाक झाली. शिल्प पूर्ण व्हायचं होतं म्हणून अजून कार्यशाळेत होतं, म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलेलं तीन राजांचं नाताळचं नाटक ठरल्या वेळी झालं, शेजारच्या सुतारशाळेत. ती सुतारशाळा अजून आहे. दुसरं गटेआनुम काँक्रीटचं, 1928 मध्ये उघडलेलं. त्याचा नमुना स्टायनर यांनी करून ठेवला होता, पण ते स्वतः 30 मार्च 1925 ला गेले. बाहेरून ते मला अजूनही थोडं दडपवतं, खोटं कशाला सांगू. आत शिरलं की गोष्ट वेगळी. जाड एकरंगी काचा कोरून केलेल्या खिडक्या आहेत. हिरव्या खिडकीचा प्रकाश आत पडतो तेव्हा माणसांचे चेहरे पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात.

आता नातवाचे हातवारे. ही युरिथमी, जर्मन पोरं ‘ऑयरिथमी’ म्हणतात. तिचा जन्म एका अगदी घरगुती अडचणीतून झाला. 1911 च्या शेवटी क्लारा स्मिट्स नावाच्या बाई नुकत्याच विधवा झाल्या होत्या. अठरा वर्षांच्या मुलीला, लोरीला, काय शिकवावं हे त्यांनी स्टायनरना विचारलं. मुलीला हालचालीची, नाचाची ओढ होती. स्टायनर यांनी तिला मानवी सांगाडा अभ्यासायला सांगितला, ग्रीक शिल्पं बघायला सांगितली आणि अनुप्रासाच्या ओळी पावलांनी चालायला लावल्या. नाव सुचवलं ते मारी फॉन सिव्हर्स यांनी, ज्या पुढे मारी स्टायनर झाल्या. वाचिक अभिनयाची त्यांची परंपरा डॉर्नाखच्या रंगमंचावर आजही चालते. 1919 मध्ये झ्युरिकला युरिथमीचा पहिला जाहीर प्रयोग झाला.

कथ्थक करून आलेल्या माझ्यासारखीला पहिले सहा महिने वैताग आला होता. हस्तमुद्रा म्हणजे खूण: हे कमळ, हा बाण, ही बासरी. युरिथमीत खूण नसते. उच्चार करताना स्वरयंत्र आणि तोंडातली हवा जो आकार घेतात, तोच अख्ख्या शरीराने घ्यायचा. ‘आ’ला हात कोन करून उघडतात, ताऱ्यांकडे बघताना तोंडून निघतो तसा तो आ. ‘ओ’ला हात गोल होऊन कवेत घेतात. ‘ई’ला छातीतून एक ताठ रेघ दोन्ही हातांत जाते. ‘ऊ’ला हात थंडी वाजल्यासारखे जवळ येऊन समांतर होतात. प्रत्येक ध्वनीला तीन रंग आहेत: एक हालचालीचा, एक भावनेचा, एक स्नायूंतल्या ताणाचा. त्यांच्या रंगवलेल्या लाकडी आकृत्या माझ्या वर्गाच्या खिडकीत आहेत.

एकदा शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या भाषेतला ‘आकाश’ या अर्थाचा शब्द आणायचा होता. माझ्या जर्मन मैत्रिणीने ‘हिम्मेल’ केलं: ह, एक श्वास; मग इ, आणि बाई क्षणात उभी रेघ झाली. मी ‘आभाळ’ केलं. आ, उघडलं. भ, दोन्ही हातांनी पांघरूण घेतल्यासारखं. पुन्हा आ. आणि मग ळ. तिथे मी अडले. ‘ल’ची हालचाल ठरलेली आहे, खालून ओंजळ भरून वर सोडायची, कारंज्यासारखी. पण ळ म्हणजे ल नव्हे, हे मराठी माणसाला सांगायला नको. जीभ मागे वळते आणि मग पुढे पडते. बाई म्हणाल्या, तोंडात काय होतं ते बघ आणि कर. मी आठवडाभर आरशासमोर ‘बाळ, काळ, डोळा, आभाळ’ करत होते. शेवटी सापडलं: हात कोपरातून मागे दुमडून, तळवे पालथे, आणि मग जड काहीतरी सोडून दिल्यासारखे पुढे. बरोबर की चूक ठरवणारं कुणीच नव्हतं. पण वर्गातल्या एका जपानी मुलीने विचारलं, तुमचं आभाळ ढगांनी भरलेलं असतं का? मी म्हटलं, जूनमध्ये असतं.

शाळेत एवढं खोल काही नसतं. पहिलीतली मुलं वर्तुळात चालतात, पियानोच्या तालावर थांबतात, मऊ सपाता घालतात. थोडी मोठी झाली की तांब्याच्या दांड्या घेऊन व्यायाम करतात, त्या हातात उबदार होतात. जर्मनीत थट्टाच आहे की वाल्डॉर्फची पोरं आपलं नाव नाचून दाखवतात. मला ती थट्टा झोंबत नाही, कारण खरंच दाखवतात.

शाळेचं म्हणाल तर पहिली 1919 च्या सप्टेंबरात स्टुटगार्टलाच निघाली, वाल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी काढलेली. सिगारेटवरून नाव पडलं, हे पालकसभेत कुणी फार बोलत नाही! स्टायनर यांनीच मांडलेली जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेती 1924 ची. आपल्याकडचे सेंद्रिय शेती करणारे गायीच्या शिंगात शेण भरून पुरतात, तेही इथूनच आलेलं. औषधपद्धतीही आहे, तिच्याविषयी खाली एक वाक्य लिहिते.

‘पंथ’ हा शब्द ज्याला खरंच लागू पडेल ते वेगळंच आहे: क्रिस्टेनगेमाइनशाफ्ट, म्हणजे ख्रिस्ती समुदाय. बर्लिनचे नावाजलेले लुथरन पाद्री फ्रीड्रिश रिटेलमायर आणि काही तरुण धर्मशास्त्र्यांनी स्टायनरकडे मार्गदर्शन मागितलं आणि 16 सप्टेंबर 1922 रोजी डॉर्नाखला हा समुदाय सुरू झाला. पहिल्या दिवसापासून स्त्रिया पुरोहित, त्या काळात! सात संस्कार आहेत. मुख्य विधीचे चार टप्पे: शुभवर्तमानाचं वाचन, अर्पण, रूपांतर, सहभाग. वेदीवर सात मेणबत्त्या. वाइनऐवजी द्राक्षांचा रस. बाळाच्या बाप्तिस्म्याला पाण्याबरोबर मीठ आणि राखही वापरतात. मी दोन-तीनदा मागच्या बाकावर बसून पाहिलंय. शब्द ठरलेले, स्वर शांत, प्रवचन अगदी छोटं. स्टायनर यांनी बजावून सांगितलं होतं की हा समुदाय आणि अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटी वेगवेगळ्या राहतील. शाळाही त्याच्या मालकीच्या नाहीत. तुमच्या जावयाच्या मित्राने बहुतेक इथेच गल्लत केली. नाझींनी मात्र गल्लत केली नाही, दोघांवरही बंदी घातली: सोसायटीवर 1935 मध्ये, समुदायावर 1941 मध्ये.

आता जे खटकतं तेही लिहिते, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. स्टायनर यांच्या इतिहासात प्राचीन भारत ही पहिली पायरी, मग इराण, इजिप्त, ग्रीस आणि सध्याची पायरी मध्य युरोपची. आपल्याला फार आदराने भूतकाळात बसवलेलं आहे. मी हे विद्यार्थिदशेत मोठ्याने म्हटलं तेव्हा खोलीत शांतता पसरली होती. वंशांबद्दल तर त्यांची काही विधानं सरळसरळ लाजिरवाणी आहेत. हॉलंडमधल्या एका समितीने 2000 साली सगळं लेखन चाळून त्यातली 16 विधानं आजच्या कायद्याने भेदभावात मोडतील असं सांगितलं. जर्मन वाल्डॉर्फ शाळांनी 2007 मध्ये वंशवादाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. औषधांबद्दल एवढंच की कॅन्सरसाठी त्यांच्या बांडगुळाच्या इंजेक्शनांवर मी स्वतः भिस्त ठेवणार नाही. गोवराची लस जर्मनीत 2020 पासून शाळेसाठी कायद्यानेच सक्तीची आहे, त्यामुळे तो वाद तुमच्या घरापर्यंत यायचा नाही. आणि एक सवय मला अजून सहन होत नाही. कुठलाही वाद ‘डॉक्टर स्टायनर असं म्हणाले आहेत’ या वाक्याने संपवायची. मी एका शाळेत याच कारणावरून राजीनामा दिला होता. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतः पडताळून बघा म्हणून सांगितलं, त्याचीच अशी पोथी केलेली बघवत नाही.

मुलीला दोन गोष्टी सांगा. धर्मशिक्षणाचा तास कुठला, हे पालक ठरवतात: कॅथलिक, प्रोटेस्टंट की शाळेचा ‘मुक्त ख्रिस्ती’ म्हणतात तो. जिथे कायदा परवानगी देतो तिथे काहीच नको म्हणूनही सांगता येतं. आधी नीट विचारून घ्यावं, वर्षाच्या मध्यावर नव्हे. दुसरं, सण ख्रिस्तीच असतील. सप्टेंबरअखेर मिखाएल देवदूताचा सण, नोव्हेंबरात कागदी कंदील, डिसेंबरात शिक्षकांनीच केलेली नाताळची जुनी खेडवळ नाटकं. त्याआधी ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळची वाट बघण्याच्या काळातला, एक दिवस असतो. अंधाऱ्या खोलीत देवदाराच्या फांद्यांची चक्राकार वाट मांडतात. एकेक मूल हातात सफरचंदात रोवलेली मेणबत्ती घेऊन आत जातं, मधल्या ज्योतीवर ती पेटवतं आणि बाहेर येताना वाटेवर ठेवतं. शेवटी सगळी वाट उजळते. कुणी एक शब्द बोलत नाही. मला दरवर्षी तुळशीच्या लग्नाची आठवण येते, का ते सांगता येणार नाही. नातवाला घरी दिवाळीत पणत्या लावायला मिळाल्या तर त्याच्या मनात दोन्ही गोष्टी मजेत शेजारी राहतील. मुलांना त्याचा त्रास होत नाही.

आणि पुढच्या कॉलवर त्याला ‘आजी’ हा शब्द हातांनी करून दाखवायला सांगा. ‘आ’ त्याला येतो. शेवटची ‘ई’ही येईल. मधला ‘ज’ जर्मन भाषेला घरचा नाही, तेव्हा त्याला कुणी शिकवलेला नसणार. तो काय करतो ते मला जरूर कळवा.